बीडमधला नोकरदारांचा इंग्रजी क्लास: उशिराचे शब्द कामाचे शिकवतात

मी रस्त्याच्या कामावर सुपरवायझर आहे. साइटवरून रोज संध्याकाळी पुण्याच्या हेड ऑफिसला इंग्रजीत रिपोर्ट जातो. काम मागं पडलं की त्यात ठरलेले दोन शब्द, लेट नाहीतर पेंडिंग. मग साहेबांचा फोन, 'म्हणजे नेमकं झालंय काय?' म्हणून जालना रोडवरचा हा शनिवार-रविवारचा क्लास लावला. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली, पंखा एकच, फळा मात्र मोठा.

इथं पाठांतर नाही. मॅडम ज्याच्या-त्याच्या ऑफिसातलं वाक्य घेऊन बसतात. डिलेड म्हटलं की लगेच विचारणार, 'कशामुळं?' पाऊस, खडी, बिल, जे असेल ते पुढं लिहायचंच. ओव्हरड्यूला कारण लागत नाही, तारीख उलटली एवढं पुरतं. बँकेतल्या ताईंना हे शिकवावंच लागलं नाही, कर्जाचा हप्ता ९० दिवसांच्या वर ओव्हरड्यू गेला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा, हे त्यांचं रोजचं. स्टॉल्ड म्हणजे मधेच अडकून थांबलेलं, ऑन होल्ड म्हणजे कुणीतरी ठरवून थांबवलेलं. आमच्या धंद्यात या दोन्हीत लई फरक आहे. ऑन होल्ड लिहिलं तर वरून पहिला प्रश्न येणार, 'कुणी थांबवलं?' आणि दिवाळीच्या सुमाराला मजूर ऊसतोडीला गेले की काम थांबत नाही, मंदावतं. तिथं स्लोड डाउन.

मग मॅडमनी नगर-बीड-परळी रेल्वे फळ्यावर घेतली. मंजुरी १९९५ ची, लांबी २६१ किलोमीटर आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. शब्द कोणता? वर्गात जुंपलीच. कुणी स्टॉल्ड म्हणे, कुणी डिलेड. मागच्या बाकावरचे रिटायर्ड तलाठी काका म्हणाले, 'बॅकलॉग लिहा मॅडम, अनुशेष-अनुशेष ऐकत आमची हयात गेली.' मॅडमनी तेही खोडलं. बॅकलॉग हा साचलेल्या कामांचा ढीग, एकट्या कामाला तो शब्द बसत नाही. काम ड्रॅग्ड ऑन, म्हणजे रेंगाळत चाललं, आणि गाडी लाँग ओव्हरड्यू. काकांना पटलं नाही. मला पटलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात कामाचा निघाला बॉग्ड डाउन. बॉग म्हणजे दलदल. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात टिप्पर रुतला, त्याला काढायला गेलेला जेसीबीही रुतला, चाक फिरतंय पण गाडी हलत नाही, हे ज्यानं पाहिलंय त्याला अर्थ सांगायची गरज नाही. मॅडमचं म्हणणं, भूसंपादनाच्या कागदांत अडकलेल्या कामालाही हाच शब्द चालतो. तो रिपोर्टमध्ये टाकायला लागल्यापासून साहेब फोनवर थेट पुढचं विचारतात.

छापील नोट्स मात्र कुठून आणल्यात कोण जाणे. टार्डी काय, डिलेटरी काय! टार्डी अमेरिकेतल्या शाळेत चालतो, आमच्या डांबराच्या रिपोर्टात तो कोण लिहिणार? त्यापेक्षा 'आय केम लेटली' हे बोलणं फळ्यावर खोडून दाखवलं, ते बरं केलं. लेटली म्हणजे अलीकडं, उशिरा नाही. मीटिंग ठरल्यापेक्षा आधी घ्यायची तर आपल्या लोकांना प्रीपोन चालतं, परदेशी पार्टीला ब्रिंग फॉरवर्ड लिहायचं, हेही तिथंच कळलं.

बोलण्याचा सराव कमी आहे, उच्चारांवर तर लक्षच नाही. इंटरव्ह्यूची तयारी करणाऱ्या पोरांनी दुसरीकडं बघावं. मेल आणि रिपोर्ट लिहून पगार घेणाऱ्यांनी जावं. फी दोन हप्त्यांत घेतात, पहिला एक तास फुकट बसू देतात. फक्त उशिराच्या शब्दांचा तास कधी आहे ते आधी विचारून घ्या.