घोडीची हिवाळी झूल : कार्तिक ते फाल्गुन वापरल्यावर

आमच्या साकोलीकडं (भंडारा जिल्हा) हिवाळ्यात पहाटे पारा 8-9 अंशांवर येतो आणि त्याच दिवशी दुपारी 28 ची धग लागते. झूल निवडताना सगळा घोळ इथंच होतो. ऑनलाइन दिसणाऱ्या जाडजूड झुली बर्फाच्या मुलखातल्या. त्यांच्यावर 300, 400 ग्रॅम असं लिहिलेलं असतं. ते एका चौरस मीटरमागं आत भरलेल्या पॉलिएस्टरचं वजन, अख्ख्या झुलीचं नव्हे. आपल्याकडं एवढं भरण घातलं तर जनावर घामानं भिजेल आणि पहाटे उलट जास्त गारठेल. म्हणून मी 100 ग्रॅमवाली, वरून पाणी न धरणारी, 600 डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप) कापडाची घेतली. बनावट कानपूरची.

दावणीला दोन घोड्या आहेत. एक वरातीची, पांढरी, तरणी, अंगानं भरलेली. दुसरी तिची माय. दात झिजलेत, बरगड्या मोजता येतात.

तरणीला तबेल्यात झूल लागलीच नाही. धडधाकट घोड्याला साधारण 5 ते 25 अंशांत अंग गरम ठेवायला वेगळी मेहनत पडत नाही. गारठ्यात केस उभे राहतात, त्यांत हवा कोंडते, तीच त्याची रजाई. वरून झूल टाकली की हे केस दबतात. तिला मी रात्री वाळलं गवत वाढवलं. चारा मोठ्या आतड्यात आंबतो आणि त्याची ऊब रात्रभर पुरते. चण्याची चंदी वाढवून ते साधत नाही, तरी गावात सगळे आधी चणेच वाढवतात!

म्हातारीचं मात्र पैसे वसूल झाले. पौषात ती पहाटे थरथरायची, ते थांबलं. दिवस मावळला की झूल चढवायची आणि ऊन अंगावर आलं की काढायची, यात आळस चालत नाही. खांद्यामागं झुलीखाली हात घालून पाहायचं : कोरडं, कोमट लागलं तर ठीक; ओलसर लागलं तर लगेच काढायची. नुसत्या कानाला हात लावून अंदाज बांधू नका, कान गार असले तरी अंग गरम असू शकतं.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या वराती सुरू. रात्री अकराला खोगीर उतरवलं की पाठ ओलीचिंब असते आणि ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या उघड्या हौद्यातून घरी यायचं असतं. अशा घामेजल्या अंगावर ही झूल थेट टाकली तर ओल आतच कोंडते. आधी बारदानानं पाठ खसाखसा पुसायची, थोडं फिरवायचं, मग लोकरीची घोंगडी टाकायची. लोकर ओल शोषून बाहेर सोडते. अंग सुकलं की झूल वर, वारा अडवायला. हे काम तिनं झकास केलं.

मापाचं नीट बघा. छातीच्या मधोमध टेप धरून खांद्यावरून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंत मोजायचं. म्हातारीचं 72 इंच भरलं. युरोपी मापाच्या झुली सेंटीमीटरमध्ये असतात आणि त्यांचं माप नुसतं पाठीचं, मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंतचं. दोन्ही एकच समजून मागवली तर परत पाठवावी लागेल.

आता तक्रारी. दोन्ही खांद्यांवरचे केस घासून हाताच्या तळव्याएवढा चट्टा पडला. आतून गुळगुळीत साटिनचं अस्तर शिवून घेतल्यावर घासणं थांबलं, पण हे अस्तर कारखान्यातूनच यायला हवं होतं. छातीवरच्या वेल्क्रोत तणसाच्या काड्या अडकून तो महिन्याभरात निकामी झाला. तिथं बकलच हवं. पोटाखालचे आडवे पट्टे चांगले आहेत. पोट आणि पट्टा यांत हाताचा पंजा आडवा जाईल एवढीच जागा ठेवा, जास्त सैल राहिला तर बसता-उठता पाय अडकतो. माघातल्या अवकाळीत कापडानं पाणी अडवलं, पाठीच्या मधल्या शिवणीतून मात्र झिरपलं. झूल घेताना पाठीवर शिवण नसलेली मिळाली तर तीच घ्या.

धुताना कपड्याची पावडर नको, पाणी अडवणारा लेप जातो. मी वाळलेला चिखल खराऱ्यानं झाडला, साध्या पाण्यानं धुतली, सावलीत वाळवली. आता कडुनिंबाचा पाला घालून गोणीत बांधून आढ्याला टांगली आहे, उंदरांच्या भीतीनं. पुढच्या कार्तिकात वेल्क्रोच्या जागी बकल लावून पुन्हा म्हातारीलाच घालणार. तरणीसाठी घोंगडी आहेच.