मेड्युसाच्या नजरेचं बटण कुणाच्या हातात? एसआरडी ५.१ आणि ५.२ दोन्ही वापरून बघितल्यावर

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून गोष्ट रचत फाशांवर खेळायचा खेळ, त्याचे जे नियम फुकट मिळतात त्याला एसआरडी म्हणतात, आणि सध्या त्याच्या दोन आवृत्त्या चालतात. ५.१ ही जुनी, खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुली केलेली, आणि ५.२ म्हणजे नव्या नियमांवरची, एप्रिल २०२५ ची. आमचा ग्रुप संभाजीनगरचा, काहीजण लातूर-नांदेडहून ऑनलाइन बसतात, डीएम, म्हणजे गोष्ट आणि राक्षस चालवणारा, मी असतो. सगळ्या नियमांचा रिव्ह्यू करायलो नाही, एकच गोष्ट बघायची आहे. ज्या राक्षसाची पॉवर कायम चालूच राहते, तिला आवरायचं कसं, आणि आवरायचं ते कुणी, हे यात नीट दिलंय का.

मेड्युसा, म्हणजे केसांच्या जागी साप असलेली, नजरेनं दगड करणारी बाई, तिच्यापासनं सुरू करू कारण सगळ्यात जास्त भांडणं तिच्यावरनंच होतात. ५.१ मध्ये तिच्यापासून ३० फुटांच्या आत तुमचा टर्न (खेळायची पाळी) सुरू झाला, तिचे डोळे तुम्हाला दिसायलेत आणि तुम्ही तिला दिसायलात, तर ती तुमच्याकडनं डीसी १४ चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (अंगातल्या दमावर वाचायसाठीचा फासा, १४ किंवा जास्त लागतात) मागू शकते. ५ किंवा जास्तनं हुकलात तर जागेवर दगड, थोडक्यात हुकलात तर आधी जखडता आणि पुढच्या टर्नच्या शेवटी परत सेव्ह. पण बारकाईनं वाचलं तर लक्षात येतं, नजर आपोआप लागत नाही, लावायची का नाही ते ती ठरवते. म्हणून तिच्याशी बसून बोलणी करता येतात, सौदा करता येतो, आणि प्लेअरला सतत माहिती असतं की समोरची बाई मनात आलं तर पुढच्या क्षणाला आपला पुतळा करील. हे मला लै आवडतं. नुसतं मारामारीचं जनावर राहत नाही ती.

आणि प्लेअरच्या हातातपण बटण आहे. अचानक गाठला गेला नसेल तर टर्नच्या सुरुवातीलाच नजर खाली घालायची, सेव्ह लागत नाही, पण पुढच्या टर्नपर्यंत ती दिसत नाही म्हणून वार डिसअॅडव्हांटेजनं (दोन फासे टाकून कमी तो धरून) करायचा, आणि तिचे साप चावले तर ४ डी ६ (सहा बाजूंचे चार फासे) विष वेगळंच. बघायचं का नाही हा निर्णय दर टर्नला. टेबलावर सगळे गप होतात त्या वेळी.

जागा नीट निवडली तर हा नियम अजून खुलतो. मी तिची गुहा आपल्या देवगिरी किल्ल्यातल्या अंधारीसारखी केली होती, वळणावळणाचा मिट्ट काळोखातला रस्ता. मेड्युसाला ६० फुटांपर्यंत डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात दिसतं, माणसाला नाही, मंग मशाल विझवली की माणूस नजरेपासून वाचतो पण आंधळा होऊन लढतो, आणि शेजारच्या ड्वार्फ या बुटक्या जातीच्या पात्राला अंधारात दिसतं म्हणून सेव्ह त्यालाच करावा लागतो! ज्याला जास्त दिसतं तोच जास्त धोक्यात. असला पेच नियमातनं आपोआप निघतो तेव्हा डीएमला वेगळं काही करावंच लागत नाही.

आता ५.२. इथं तीच नजर बोनस अॅक्शन (टर्नमधली जादाची कृती) झाली, ३० फुटांचा कोन (इंग्रजीतला कोन, म्हणजे शंकूसारखा पसरणारा भाग), डीसी १३, आणि एकदा वापरली की मेड्युसाच्या टर्नच्या सुरुवातीला डी ६ टाकायचा, ५ किंवा ६ आला तरच परत मिळते. एका फटक्यात दगड होणं बंद, कायम दोन पायऱ्या. डीएम म्हणून सांगतो, चालवायला हे फार सोपं आहे. जुन्या पद्धतीत पाच जणांच्या पार्टीला प्रत्येकाच्या टर्नला थांबून विचारावं लागतं, बघतोस का खाली बघतोस, मंग सेव्ह, मंग कोण कितव्या पायरीवर ते लिहून ठेवा, लढाई रेंगाळते. नवीन माणसं खेळायला बसली असतील तर ५.२ च घ्या.

पण नजर खाली घालायची सोय पार काढून टाकली ती कामून? नव्या मजकुरात कोनात असलेला प्रत्येकजण सेव्ह करतो, तो तिच्याकडं बघायलाय का डोळ्याला पट्टी बांधून उभा आहे याचा उल्लेखच नाही. आरशाचा डाव राहिला, कोनात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर तिलाच सेव्ह करावा लागतो, तेवढं बरं. पण ज्या राक्षसाची सगळी भीतीच बघण्यात आहे तिथं प्लेअरनं न बघण्याला किंमत नाही हे मला अजिबात पटत नाही. बटण प्लेअरच्या हातातनं काढून फाशाला दिलं. आमच्या टेबलावर आता कोन आणि रिचार्ज ५.२ चा, पण नजर खाली घालायचा नियम ५.१ मधनं परत आणलाय, आणि हे मस्त चालायलंय.

घास्ट, म्हणजे मुडदे खाणारा सडका राक्षस, त्याचं उलट आहे. त्याची दुर्गंधी त्यालाही बंद करता येत नाही, ५ फुटांच्या आत टर्न सुरू झाला की डीसी १० चा सेव्ह, नाहीतर पुढच्या टर्नपर्यंत पॉइझन्ड, म्हणजे विषबाधा. इथं आवर नियमातच आहे, एकदा सेव्ह झाला की २४ तास त्या घास्टचा वास लागत नाही. म्हणजे कायम चालू असूनपण फासे टाकणं कायमचं नाही. दोन्ही आवृत्त्यांत हे तसंच ठेवलंय ते बरोबर केलं. वर घास्ट लपूच शकत नाही, दाराआधी वास येतो, आणि एवढी सूचना प्लेअरला द्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

बलोर या आगीच्या सैतानाची आग मात्र ५.१ मध्ये सरळसोट, त्याच्या टर्नला ५ फुटांतल्या सगळ्यांना ३ डी ६, सेव्ह नाही काही नाही. लांबनं लढा, विषय संपला.

किमतीचं म्हणाल तर दोन्ही पीडीएफ फुकट, आणि लायसन्स सीसी बाय ४.० आहे, म्हणजे श्रेय देऊन तुम्ही राक्षसाचा पूर्ण स्टॅट ब्लॉक (आकड्यांचा आणि ताकदींचा तक्ता) मराठीत करून वाटू शकता, विकू पण शकता. मी लागणारी पानं तेवढी औरंगपुऱ्यात प्रिंट काढून स्पायरल करून घेतली, सगळं छापायची गरज नाही.

एक कमी आहे. बिहोल्डर, म्हणजे अनेक डोळ्यांचा तरंगता गोळा, दोन्हीत नाही. त्याचा १५० फुटांचा, जादू बंद पाडणारा अँटीमॅजिक कोन हा या विषयातला सगळ्यात हुशार नमुना आहे, दर टर्नला कोन कुठं वळवायचा आणि चालू ठेवायचा का ते तोच ठरवतो, पण चालू ठेवला तर त्याच्या स्वतःच्या डोळ्यांची जादूची किरणंपण त्या कोनात चालत नाहीत. त्यासाठी मॉन्स्टर मॅन्युअल विकतच घ्यावं लागतं.