प्लिकर्स कार्डांचा मराठी शाळेतील वापर: दोन सत्रांनंतरचा अनुभव

सातारा जिल्ह्यातील एका निमशहरी, अनुदानित माध्यमिक शाळेत आम्ही जूनपासून प्लिकर्स वापरत आहोत. विद्यार्थ्यांच्या हातात मोबाईल किंवा टॅब न देता संपूर्ण वर्गाचे उत्तर एकाच वेळी मिळवण्याचे हे साधन आहे. प्रत्येक विद्यार्थ्याकडे काळ्या-पांढऱ्या आकृतीचे एक कागदी कार्ड असते. कार्डाच्या चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे बारीक छापलेली असतात आणि निवडलेल्या पर्यायाची बाजू वर येईल अशा रीतीने ते धरायचे असते. शिक्षकाने मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणी काय उत्तर दिले ते पडद्यावर उमटते. प्रत्येक कार्डाची आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवणे फारसे जमत नाही, आणि माझ्या मते या साधनाचा खरा गुण हाच आहे, कारण कधीही हात वर न करणाऱ्या मुलाचे उत्तर चारचौघांत उघडे न पडता शिक्षकापर्यंत पोहोचते.

कार्डांचा मोठा संच 63 चा असल्यामुळे आमच्या साठाच्या तुकड्या त्यात बसतात. कार्डाचा क्रमांक म्हणजे हजेरी क्रमांक असे ठरवले की एकच संच सर्व तुकड्यांना चालतो. ॲपमध्ये मुलांची नावे भरण्याची गरज नाही आणि ती भरूही नयेत, क्रमांकावर काम भागते. कार्डे जाड, बिनचकाकीच्या कागदावर छापावीत. चकचकीत लॅमिनेशनवर उजेड परावर्तित होऊन आकृती वाचली जात नाही. आकृतीवर अंगठा येऊ न देण्याची सवय मुलांना आठवडाभरात लागते. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल, तर मात्र शिक्षकाने जागा बदलून पुन्हा कॅमेरा फिरवणे एवढाच उपाय उरतो.

यंत्राचा भाग इतकाच आहे. अधिक वेळ गेला तो सहकाऱ्यांना सोबत घेण्यात. आमच्याकडे नव्या साधनांबाबत नाखूश असलेले शिक्षक कमी नव्हते आणि त्यांच्या नाखुशीला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. हीच मंडळी व्हॉट्सॲप सफाईने वापरतात आणि शासनाच्या पोर्टलवर रात्री उशिरापर्यंत माहितीही भरतात. त्यांना धास्ती होती ती दोन गोष्टींची. भर तासाला मोबाईल अडला, तर नववी-दहावीच्या मुलांसमोर फजिती होईल, ही पहिली. या आकड्यांचा अहवाल उद्या वरून मागवला जाईल आणि एका तुकडीची तुलना दुसऱ्या तुकडीशी, म्हणजे पर्यायाने एका शिक्षकाची दुसऱ्याशी, सुरू होईल, ही दुसरी. सभागृहात प्रोजेक्टर लावून घेतलेल्या एकदिवसीय प्रशिक्षणाने यांपैकी एकही धास्ती दूर होत नाही.

दुसरी धास्ती मुख्याध्यापकांच्या एका निर्णयाने गेली. या उत्तरांचा अहवाल कोणाकडूनही मागितला जाणार नाही आणि तो कोणत्याही नोंदवहीत चिकटवायचा नाही, असे त्यांनी शिक्षकांच्या बैठकीत स्पष्ट केले. तासाला शिक्षकांच्या हातात मोबाईल का दिसेल, हेही त्यांनी पर्यवेक्षकांना आणि पालकसभेत आधीच सांगून ठेवले, अन्यथा भुवया उंचावल्याच असत्या. पहिल्या धास्तीवर उपाय मराठीच्या एका ज्येष्ठ बाईंनीच सुचवला: “सर, मोबाईल तुम्ही धरा, प्रश्न मी विचारते.” मग ज्याचा तास मोकळा असेल अशा शिक्षकाने वर्गात उभे राहून कॅमेरा फिरवायचा आणि ज्यांचा तास आहे त्यांनी नेहमीसारखे शिकवायचे, अशी रीत पडली. प्रश्न मराठीत टंकित करण्याचा जाचही आम्ही काढून टाकला. ॲपमध्ये केवळ ‘प्रश्न 1’ असे लिहून चार रिकामे पर्याय ठेवायचे आणि खरा प्रश्न खडूने फळ्यावर लिहायचा. फळा आणि खडू हातून सुटत नाहीत हे दिसल्यावर बहुतेकांनी पहिल्या सत्राच्या अखेरीपर्यंत मोबाईल स्वतःच्या हातात घेतला.

सर्वांत चांगले प्रश्न याच बाईंकडून आले, याचे मला फारसे आश्चर्य वाटले नाही, कारण मुले नेमकी कोठे अडखळतात हे वर्षानुवर्षे वह्या तपासणाऱ्यालाच ठाऊक असते. ‘सैनिकाने शत्रूला पकडले’ या वाक्याचा प्रयोग त्यांनी विचारला, तेव्हा वर्गातील मोठ्या भागाने ‘कर्मणी’ची बाजू वर केली. कर्त्याला ‘ने’ दिसला की कर्मणी, अशी मुलांनी मनाशी बांधलेली खूणगाठ क्षणात उघड झाली. बाईंनी उत्तर सांगितले नाही. शत्रूच्या जागी ‘शत्रूंना’ घालून क्रियापद बदलते का ते पाहा, एवढेच म्हणून त्यांनी मुलांना बाकावर आपसांत चर्चा करू दिली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. दुसऱ्या वेळी ‘भावे’ची बाजू वर करणारे बरेच वाढले. आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा उत्तर ही पद्धत हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर यांनी 1991 पासून आपल्या वर्गांत वापरली आणि तिचा प्रसार केला. भूगोलात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ कोणत्या महिन्यात असते, हा प्रश्नही असाच कामी आला. मुले मे महिन्याकडे झुकतात, प्रत्यक्षात ती स्थिती जानेवारीच्या आरंभी येते, आणि ऋतूंचे कारण अंतर नसून आसाचा कल आहे हे समजावण्यासाठी ऐकायला उत्सुक वर्ग मिळतो.

मर्यादा सांगणे आवश्यक आहे. बहुपर्यायी प्रश्नांपलीकडे कार्डांचा उपयोग नाही, ॲपमधील सूचना इंग्रजीत आहेत आणि आमच्या मागच्या इमारतीत नेटवर्क नसल्यामुळे तेथील तासांना कार्डे बाहेर निघत नाहीत. आकडे समोर दिसू लागले की प्रत्येक तासाला प्रश्न विचारण्याचा मोह होतो. तासाला दोन किंवा तीन प्रश्न पुरे, त्यापुढे मुले विचार न करता कार्डे फिरवतात.

इतिहासाच्या एका सरांनी काही आठवडे वापर करून कार्डे परत केली. 1857 च्या उठावाच्या कारणांपैकी कोणते अधिक निर्णायक होते यावर मुलांनी चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे आणि त्या ओळी कॅमेऱ्याला वाचता येत नाहीत. त्यांचे म्हणणे आम्हाला पटले, त्यामुळे त्यांना पुन्हा गळ घातलेली नाही.