रोलायफ्लेक्सच्या बदल्यात भंगार परत आलं! परदेशी ऑक्शनवर माल विकणाऱ्यांनी वाचा

सरळ आकड्यापासून सुरू करते. ३३,५१५ रुपये रोख, आणि बाबांचा रोलायफ्लेक्स २.८ एफ, म्हणजे वर-खाली दोन लेन्स असलेला जुना फिल्म कॅमेरा, जो ऑक्शनमध्ये १,२४० डॉलरला गेला होता. दोन्ही गेलं. त्या कॅमेऱ्याच्या बदल्यात माझ्याकडे दुसऱ्याच कुणाचा तरी बंद पडलेला रोलायफ्लेक्स येऊन पडलाय आणि ज्या साइटवर हे झालं तिथे ही केस 'बंद' असं हिरव्या अक्षरात दिसतंय.

रिटर्नमध्ये माल बदलून पाठवायची चाल सगळ्यांना माहीत आहे, कपडे-मोबाइल विकणारे त्याबद्दल रोज ओरडत असतात. मलाही माहीत होती, म्हणून तर जास्त चीड येते. मी काही नवखी नाही हो. बाबांचा कळव्याला फोटो स्टुडिओ होता, ते गेल्यावर तिथलं सामान मीच हळूहळू विकलं, याशिका कॅमेरा, सेकोनिकचे उजेड मोजायचे लाइटमीटर, एन्लार्जरच्या लेन्स, सगळं त्याच परदेशी साइटवर आणि चांगल्या भावाला. इथल्या डीलरकडे नेलं की पहिलं वाक्य "ताई, फिल्म आता कोण वापरतं" आणि हातावर दीड-दोन हजार. बाहेर त्याच वस्तूवर बोली लागते. विकायची पद्धतही बसलेली होती, सुरुवातीची बोली कमी ठेवायची म्हणजे वॉचर (लिस्टिंगवर नजर ठेवणारे) वाढतात, संपायची वेळ तिकडच्या रविवार संध्याकाळची धरायची म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाट, मॉडेलचं नाव पूर्ण लिहायचं, आणि जे काही दोष असतील ते आपणहून सांगायचे. दोष सांगितले म्हणून बोली पडत नाही, उलट घेणाऱ्याचा विश्वास बसतो. हे मी आजही सांगेन.

रोलायफ्लेक्स शेवटी ठेवला होता कारण तो बाबांचा जीव. विकायच्या आधी फोर्टात बोरा बाजारला एका जुन्या मेकॅनिक चाचांकडे दिला, शटरचे स्लो स्पीड अडकत होते, लेन्सवर धूळ होती. त्यांनी पूर्ण उघडून साफ केला, ९,५०० घेतले आणि हाताने लिहिलेलं बिल दिलं, त्यावर कॅमेऱ्याचा पूर्ण सिरियल नंबर. हा नंबर वरच्या लेन्सच्या डोक्यावर कोरलेला असतो, २.८ एफचा सहसा २४ ने सुरू होतो. लक्षात ठेवा, पुढे याच नंबराने माझा घात केला.

लिस्टिंगमध्ये मी ढीगभर फोटो टाकले. फक्त नंबराचे शेवटचे तीन आकडे झाकले. का? कारण सगळे जुने विक्रेते हेच सांगतात, की पूर्ण नंबर टाकला तर कुणीही तुमचे फोटो उचलून तुमच्याच कॅमेऱ्याची खोटी लिस्टिंग करतं. मी नियम पाळला! यात माझा काय दोष ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ऑक्शन चालू असताना अमेरिकेतल्या एकाचे मेसेज आले. लेन्स झायस प्लानर आहे की श्नायडर झेनोटार? (२.८ एफ या दोन्ही कंपन्यांच्या लेन्समध्ये यायचा.) लाइटमीटर बसवलेलं मॉडेल का? चामडं मूळचं आहे का, खालच्या बाजूचा क्लोजअप मिळेल का? आता सांगा, हे वाचून कुणाला संशय येईल? कलेक्टर माणूस हेच विचारतो. मला तर बरं वाटलं की जाणकार गिऱ्हाईक आहे. मी रात्री टेबललॅम्प लावून फोटो काढून पाठवले. आता कळतं की तो माझा कॅमेरा तपासत नव्हता, स्वतःकडचा मेलेला कॅमेरा माझ्याशी जुळतो का ते बघत होता. झेनोटार, मीटरवाला, काळं मूळ चामडं. सगळं जुळलं आणि शेवटच्या काही सेकंदांत त्याने बोली १,२४० वर नेऊन ठेवली.

आणि इथेच तो क्षण होता, जो आठवला की मला अजून रात्री झोप लागत नाही. त्याचं प्रोफाइल मी उघडलं होतं. १०० टक्के पॉझिटिव्ह. पण तिथे विक्रेत्याला घेणाऱ्याबद्दल वाईट लिहिताच येत नाही, सोयच नाही, मग खरेदीदाराचा तो १०० टक्के आकडा असून नसून सारखाच! त्याच पानावर बाजूला दुसरा टॅब असतो, या माणसाने इतरांबद्दल काय लिहिलंय त्याचा. तो मी नंतर उघडला, सगळं झाल्यावर. "लेन्समध्ये फंगस, पैसे परत मिळाले." "वर्णनाप्रमाणे नाही, पैसे परत मिळाले." एकाखाली एक, कॅमेरे आणि लेन्सच, विकणारे सगळे लांबलांबच्या देशांतले. एक क्लिक. अर्ध्या मिनिटाचं काम. पण पहाटे ऑक्शन संपलेलं, सकाळी मुलीचा डबा, मग माझी ठाणे स्टेशनहून फास्ट लोकल, कोण बसतं हो असले टॅब उघडत? साइटने खरं तर अशा माणसाला विकणाऱ्यांपुढे लाल अक्षरात दाखवायला पाहिजे. त्यांच्याकडे सगळा डेटा आहे, पण त्यांना घेणारा नाराज व्हायला नको.

तुम्ही मात्र हा टॅब उघडा. बोली चालू असतानाच उघडा, आणि असलं काही दिसलं तर बोली रद्द करून त्याला ब्लॉक लिस्टमध्ये टाका, तसं करता येतं.

पैसे आले. १,२४० अधिक शिपिंगचे ५५, त्यातून साइटची फी १७२ जाऊन १,१२३ डॉलर, बँकेत पडले ९३,५४०. कुरियरला ४,८६०, डबल बॉक्स, बबल रॅप वगैरे ६४०. पार्सल पोचलं, सही झाली, मी खूश. आणि मग रिटर्न रिक्वेस्ट. "लेन्समध्ये फंगस, शटर जॅम." चाल किती हुशार ती बघा, आपल्या ठाण्याच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते हे फोटोग्राफीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत, त्यामुळे भारतातून आलेल्या लेन्सबद्दल फंगस म्हटलं की जगात कुणीही मान डोलावतो. मलाही क्षणभर वाटलं, चाचांनी नीट साफ केलं ना? त्याने पाठवलेल्या फोटोत लेन्स होती, शटर होतं, नंबराची पट्टी मात्र प्रत्येक फोटोत कापलेली.

मी लिस्टिंगला 'रिटर्न नाही' लिहिलं होतं. त्याचा काडीचा उपयोग नाही! 'वर्णनाप्रमाणे नाही' असं म्हटलं की तो नियम लागूच होत नाही, रिटर्न घ्यावाच लागतो आणि परतीचं भाडंही विकणाऱ्याच्या माथी. माझ्याकडून ७४ डॉलर घेतले.

पार्सल आलं तर कुरियरवाला म्हणे कस्टम ड्युटी आणि हँडलिंग मिळून ७,३१५ भरा. माझाच माल मलाच परत येतोय तर ड्युटी कसली? "मॅडम, पेपरवर री-इंपोर्ट लिहिलेलं नाही." कसं लिहिणार, लेबल साइटने काढलं, भरलं त्या माणसाने. आणि पैसे भरल्याशिवाय खोका उघडून बघायला मिळणार नाही. भरले.

डायनिंग टेबलावर नवऱ्याने मोबाइलवर व्हिडिओ चालू केला आणि मी टेप कापली. वरून बघितलं तर रोलायफ्लेक्सच, पण हातात घेतला आणि कळलं. बाबांच्या कॅमेऱ्याची क्रँक (फिल्म पुढे सरकवायची दांडी) फिरवली की मऊ लागायची, चाचांनी नुकतं ग्रीस केलेलं, ही अर्ध्यावर घट्ट अडकली. वरच्या हुडला डाव्या कोपऱ्यात पोचा. खालच्या लेन्समध्ये टॉर्च मारला तर कडेने पांढरं जाळं, कोळ्याने विणल्यासारखं. आणि नंबर बघितला, पहिले चार आकडे तेवढे जुळत होते, शेवटचे तीन वेगळे. मी झाकलेले तीन! मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडले, खोटं कशाला बोलू.

आता साइटचं ऐका. लिस्टिंगचे फोटो दिले, चाचांचं बिल दिलं पूर्ण नंबरासकट, उघडतानाचा व्हिडिओ दिला. उत्तर काय? लिस्टिंगच्या फोटोत पूर्ण नंबर दिसत नाही, त्यामुळे वेगळी वस्तू परत आली हे सिद्ध होत नाही. हाताने लिहिलेलं बिल मान्य नाही. ट्रॅकिंगप्रमाणे रिटर्न पोचलेला आहे, सबब पूर्ण रिफंड. चॅटवर दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा, आणि शेवटी "तुमची निराशा आम्ही समजू शकतो". १,२९५ त्याला परत, ७४ परतीच्या लेबलचे, फीचे १७२ मला वळते करून १,१९७ डॉलर थेट माझ्या कार्डावरून उचलले, डॉलरवरचा बँकेचा मार्कअप धरून १,०४,७४० रुपये. आले होते ९३,५४०. हा नुसता येण्याजाण्यातला फरकच ११,२०० चा. त्यात कुरियर, पॅकिंग, ड्युटी आणि चाचांचे साडेनऊ हजार मिळवा, ३३,५१५ होतात. कॅमेरा वेगळा.

बँकेला फोन केला की हा व्यवहार थांबवा, तर म्हणे कार्ड साइटवर तुम्हीच जोडलंय, परवानगी तुमचीच आहे. विक्रीच्या साइटला पगाराच्या खात्याचं कार्ड जोडू नका. वेगळं खातं ठेवा आणि पैसे आले की काढून घ्या, निदान उचलायला समोर पैसे तरी नसतील, भांडायला वेळ मिळतो.

मग पोलीस. कुठलं स्टेशन ते लिहीत नाही, पण घराजवळचंच. तिथल्या साहेबांचा पहिला प्रश्न, "मॅडम, पैसे त्याचे होते, त्यालाच परत गेले, मग तुमचं गेलं काय?" म्हटलं कॅमेरा गेला. "किती जुना?" साठएक वर्षं. "मग भंगारच की." माझ्या बाबांनी ज्या कॅमेऱ्यावर संसार केला त्याला भंगार! मग हद्दीचा विषय, आरोपी परदेशात, हा सिव्हिल मॅटर आहे, एक्सपोर्टचं लायसन आहे का तुमच्याकडे, उलट मलाच प्रश्न. सायबरला जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले यात गोठवायला कुठलं खातंच नाही, तुमच्या स्टेशनलाच अर्ज द्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे, आणि प्रत्येक ठिकाणी "प्रिंटआउट आणलंय का".

आणलं होतं. कायदाही वाचून गेले होते. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून गुन्ह्याची माहिती नोंदवायला नकार देता येत नाही, ऑनलाइन तक्रार दिली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. आयटी ॲक्टच्या कलम ७५ मध्ये तर सरळ लिहिलंय की गुन्हा देशाबाहेरून झाला पण त्यात भारतातला कॉम्प्युटर गुंतलेला असेल तरी हा कायदा लागू. साहेबांनी कागद उलटापालटा केला आणि म्हणाले, "हे सगळं बरोबर आहे मॅडम, पण अमेरिकेत पत्र कोण पाठवणार?" म्हणजे कायदा बरोबर, तक्रार बरोबर, आणि तरी माझा अर्ज नुसता 'आवक'चा शिक्का मारून ठेवून दिला. माझ्याच करातून पगार घेणाऱ्या माणसाने मला हे तोंडावर सांगावं!

ज्यांचे पैसे इथल्या इथे कुणाच्या खात्यात गेलेत त्यांनी मात्र १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन लावा, तिथे मिनिटं महत्त्वाची असतात, पुढचं खातं गोठवता येतं. आणि इथल्या साइटवर जुना माल विकताना कुणी "पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणालं तर फोन ठेवा, यूपीआय पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. माझ्या शेजारच्या काकांचे सोफा विकताना असेच १८,००० गेले.

बाहेर विकणाऱ्यांनी नंबर झाकू नका. कुणी फोटो चोरून खोटी लिस्टिंग केली तर तिची तक्रार करता येते, पण झाकलेल्या नंबराचा पुरावा नंतर तयार करता येत नाही. यूव्ही पेनाने (साध्या उजेडात न दिसणारी शाई) आतल्या बाजूला खूण करा आणि पॅक करायच्या आधी नंबरापासून कुरियरच्या लेबलापर्यंत एकसलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको. घेणाऱ्याने पैसे दिल्यावर पत्ता बदलायला सांगितलं तर पाठवू नका, साइटचं विक्रेत्याला असलेलं संरक्षण तिथेच संपतं. दुरुस्तीचं बिल छापील, जीएसटीसकट घ्या, चाचा कितीही प्रामाणिक असले तरी. इन्शुरन्स करताना विचारून घ्या, हरवणं-फुटणं यात असतं, बदलून परत येणं बहुतेक नसतंच.

मी सोडलेलं नाही. स्टेशनने गुन्हा नोंदवला नाही तर त्याच कलम १७३ खाली वरिष्ठांकडे लेखी जाता येतं, तो अर्ज पोस्टाने पाठवलाय, पोचपावती आली आहे. त्याच माणसाने फसवलेल्या एका विक्रेत्याशी बोलणं चालू आहे, त्याच्याकडेही रिटर्नमध्ये भलतीच लेन्स आली. आता तो चोर माझा कॅमेरा कधी ना कधी विकायला काढणारच, तिथेच किंवा दुसऱ्या नावाने. रोलायफ्लेक्स २.८ एफ, झेनोटार, मीटरवाला, नंबराचे शेवटचे आकडे ६१८, क्रँकच्या टोकावर बारीक आडवा ओरखडा. कुठल्याही ऑक्शनला दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि मला कळवा.