पेनड्राईव्हचा चटका आणि 40 जीबीचं लग्न

उदगीरजवळच्या गावातलं मे महिन्यातलं लग्न. हळदीपासून पाठवणीपर्यंतचं साधारण 40 जीबी शूटिंग मी रात्री दहाला नव्या पेनड्राईव्हवर टाकायला घेतलं. सकाळी निलंग्याला दुसरं लग्न होतं, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं करणं भागच होतं. पेनड्राईव्ह लातुरातल्या एका दुकानातून 350 रुपयांना घेतलेला. नखाएवढा, धातूचा, वर 128 जीबी छापलेलं. बिल मी मागितलंच नाही.

थोड्या वेळात कॉपीचा वेग सेकंदाला तीन एमबीवर आला. हात लावला तर चटकाच बसला. दुकानदाराला फोन केला. "भाऊ, छोटे पेनड्राईव्ह समदेच तापतेत. मधीच काढू नका."

यातलं अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यानंच मला गाफील ठेवलं. कंट्रोलर, म्हणजे पेनड्राईव्हचं काम चालवणारी चिप, आणि मेमरीची चिप एवढ्याशा जागेत चिकटून बसलेल्या असतात, उष्णता बाहेर पडायला जागा नसते. मोठी फाईल लिहिताना अस्सल पेनड्राईव्हही तापतो, धातू ती उष्णता थेट बोटाला देतो, आणि चांगला कंट्रोलर स्वतःला सांभाळायला वेग कमी करतो. पण गार झाल्यावर त्यातल्या फाईली शाबूत असतात.

पहाटे तीनच्या सुमाराला कॉपी संपली. फाईलींची नावं दिसली, आकारही बरोबर. मी कार्ड फॉरमॅट केलं. निलंग्याहून परत येऊन उघडलं, तर हळद व्यवस्थित चालली. अंतरपाटापासून पुढचं काहीच उघडेना.

नंतर एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते रिकामा ड्राईव्ह काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतं. खरी जागा निघाली साडेसात जीबी! कंट्रोलरमध्ये फेरफार करून छोट्या चिपला 128 सांगायला लावलेलं असतं. जागा संपली की पुढचं लिहिलेलं वाया जातं, यादीत नावं तेवढी उरतात. विंडोजमध्ये 119 जीबी दिसली होती, पण अस्सल 128 लाही तेवढीच दिसते, म्हणून शंका आली नाही. तोंडातली पट्टी निळी होती, जास्त वेगाच्या यूएसबी 3 ची असते तशी. आत बघितलं तर धातूच्या पिना पुढच्या चारच. यूएसबी 3 ला लागणाऱ्या मागच्या पाच नव्हत्याच.

दुकानदार म्हणाला, "आमच्याकडचा कशावरून?" माझ्याकडं दाखवायला कागद नव्हता. तुमच्याकडं बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा 1915 नंबर लावा. आणि नवा ड्राईव्ह आणला की त्यावर काम टाकायच्या आधी ही चाचणी पूर्ण करा, रात्रभर लागली तरी. दोन ठिकाणी कॉपी उघडून बघितल्याशिवाय कार्डाला हात लावू नका.

नवरीच्या वडिलांना मी घरी जाऊन सांगितलं, अर्धे पैसे परत दिले. काका काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. नवरीच्या मामांच्या मोबाईलमध्ये अंतरपाट धरल्याची चाळीस सेकंदं सापडली, अक्षता पडेपर्यंतची. तेवढीच हळदीला जोडून दिली.