४२९ डॉलरचं पिस्तूल आणि ६८५ डॉलरचं 'अपग्रेड'

"तुला पिस्तूल हवंच कशाला होतं" हे कृपया विचारू नका, ते घरात विचारून झालंय, दोन्ही बाजूंच्या आईवडिलांकडून व्हिडिओ कॉलवर पण झालंय. मी टेक्सासमध्ये राहतो, डॅलसपासून तासाभरावर. सिटिझन होऊन बरीच वर्षं झाली, कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली होती तेव्हापासूनची हौस आहे, रेंजवर जातो, कागदाला भोकं पाडतो, घरी येतो. सगळं कायद्यात बसवून. (एच-वन-बीवाल्यांनी या भानगडीत पडूच नका, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने तुम्हाला पिस्तूल बाळगताच येत नाही, मित्राचं हातात घेऊन रेंजवर फोटो काढायच्या आधी पण वकिलाला विचारा.)

तर मला हवं होतं १९११, म्हणजे त्या नावाचं पिस्तुलाचं जुनं मॉडेल. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, पॉइंट फोर्टी-फाइव्ह कॅलिबर, सात गोळ्यांची मॅगझिन, अमेरिकन आर्मीने मार्च १९११ मध्ये घेतलं आणि थेट १९८५ मध्ये बेरेटा कंपनीचं पिस्तूल येईपर्यंत तेच त्यांचं पिस्तूल. कोल्ट कंपनीचं ओरिजिनल नवीन घ्यायचं तर हजार डॉलरच्या आसपास जातं, पण पेटंट कधीच संपलेत त्यामुळे फिलिपिन्स, तुर्कस्तान, सगळीकडे त्याच्या नकला बनतात, आणि नकला म्हणजे दोन नंबरचा माल नाही हां, रीतसर कंपन्या आहेत. मी फिलिपिन्सचं घेतलं, आर्मस्कॉरचं, इथे ते रॉक आयलंड आर्मरी नावाने विकतात (इलिनॉयला आर्मीचं रॉक आयलंड आर्सेनल आहे त्याच्याशी काडीचा संबंध नाही, नाव बघून गोंधळू नका). ४२९ डॉलर, वर सव्वाआठ टक्के टॅक्स ३५ डॉलर ३९ सेंट, एकूण ४६४.३९.

आणि पिस्तूल चांगलं होतं. हे मी ठणकावून सांगतो कारण पुढचं वाचून सगळे म्हणणार "स्वस्तातलं घेतलं की असंच होतं". नाही. साध्या बॉल गोळ्या (गोल टोकाच्या), २३० ग्रेन वजनाच्या, एकही न अडकता गेल्या. तक्रारी तीनच. साइट्स (नेम धरायच्या खुणा) जुन्या आर्मी पद्धतीच्या, इतक्या बारीक की चाळिशी लागलेल्या माणसाला पुढचा दांडा दिसतच नाही. मागची शेपटी आखूड, त्यामुळे हॅमर (गोळीवर ठोका मारणारा मागचा घोडा) मागे येताना अंगठ्याच्या बेचक्यातलं कातडं चावतो, रक्त येतं खरोखर. आणि हॉलो पॉइंट (टोकाला खळगा असलेली) गोळी मधेच अडकायची. आता मला कळलंय की तिसऱ्या तक्रारीला तीसेक डॉलरची चांगली मॅगझिन हे उत्तर होतं. १९११ गोळ्या नीट आत घेत नसेल तर आधी मॅगझिन बदला, मग सोळा पाउंडाची रिकॉइल स्प्रिंग, त्याआधी पिस्तुलाला कानस लावू देऊ नका, कुणालाही.

पण मला भेटला गन शोमधला 'गनस्मिथ'. नाव लिहीत नाही, लिहून उपयोग पण नाही, दर शोला वेगळं असतं असं आता ऐकतोय. टेबलावर हिरवं कापड, मागे बॅनर, चकचकीत कापलेल्या स्लाइड्स (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मांडलेल्या, गळ्यात भिंग. 'फ्री इव्हॅल्युएशन' अशी पाटी. मी पिस्तूल दिलं. त्याने मॅगझिन काढली, चेंबर बघितला, सगळं शिस्तीत, मग पिस्तूल कानाजवळ नेऊन हलवलं. खड खड. माझ्याकडे असं बघितलं जसं काही डॉक्टरला एक्स-रेत डाग दिसलाय. "ब्रदर, हे ऐकतोयस ना? हे सगळं लूज आहे, आतले पार्ट्स एमआयएम आहेत, धातूची पावडर साच्यात दाबून केलेले, कधी तुटतील सांगता येत नाही."

आता ज्यांना माहीत आहे ते हसतील. जुन्या आर्मी पद्धतीचं १९११ खडखडतंच. सैल बसवलेलं असतं म्हणूनच माती-चिखलात चालायचं, १९११ साली झालेल्या आर्मीच्या चाचणीत ब्राउनिंगच्या पिस्तुलाने ६००० गोळ्या न अडकता झाडल्या ही गोष्ट या हौसेतल्या प्रत्येकाला पाठ असते, मलाही होती. आणि एमआयएम पार्ट्स आज महागड्या पिस्तुलांत पण असतात. पण समोर भिंगवाला माणूस उभा असताना, मागे रांग लागलेली असताना, आपलं ४२९ चं पिस्तूल त्याच्या दोन-दोन हजारांच्या पिस्तुलांशेजारी पडलेलं असताना, सांगा ना तुम्ही कुणी वाद घातला असता का? त्याने एकही गेज लावला नाही. ट्रिगरचं वजन मोजायचं साधं स्प्रिंगचं यंत्र असतं, ते नाही. एक्स्ट्रॅक्टरचं (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याचं) टेन्शन तपासलं नाही. फक्त कानाजवळ खडखड. इव्हॅल्युएशन फुकट असेल आणि त्यात काहीही मोजलं जात नसेल तर ते इव्हॅल्युएशन नाही, तुमच्या खिशाचं वजन घेणं चाललंय.

६८५ डॉलरचं पॅकेज ठरलं. ४०० आगाऊ. कार्ड मशीन "आज नेटवर्क देत नाहीये", म्हणून झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय).

आणि आता तो क्षण, जो मी रात्री-अपरात्री आठवून दात खातो. त्याने पिस्तूल उचललं, एका प्लॅस्टिकच्या डब्यात टाकलं, डब्यावर मार्करने माझं पहिलं नाव लिहिलं, ते पण चुकीच्या स्पेलिंगने, आणि डबा टेबलाखाली सरकवला. सीरियल नंबर लिहिला नाही. फ्रेमवर ठळक कोरलेला असतो, बघितलासुद्धा नाही! ज्या देशात हेच पिस्तूल विकत घेताना काउंटीचं नाव चुकीच्या रकान्यात पडलं म्हणून दुकानदाराने माझ्याकडून अख्खा ४४७३ फॉर्म परत भरून घेतला, बॅकग्राउंड चेक होईपर्यंत उभं केलं, त्या देशात हा माणूस एक आख्खं फायरआर्म रात्रभर नाही, कित्येक आठवडे ठेवून घेणार आणि वहीत एक ओळ नाही. गनस्मिथने पिस्तूल रात्री ठेवून घेतलं तर त्याच्याकडे फेडरल लायसन्स लागतं आणि मेक, मॉडेल, सीरियल नंबर सकट नोंद करावी लागते, हे मला माहीत होतं. मी विचारलं पण, अगदी विचारलं नाही असं नाही, "नंबर?" तो म्हणाला, "वही शॉपमध्ये आहे, संध्याकाळी चढवतो." आणि ते मला पटलं कारण आपल्याकडे तरी कोण लगेच चढवतं, सगळीकडे संध्याकाळीच चढवतात. ही जी आपली सवय आहे ना समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून दुसरा प्रश्न न विचारायची, त्यावर या लोकांची पोटं चालतात.

विचारा. लायसन्सची कॉपी मागा. एटीएफच्या (बंदुकांचे लायसन्स बघणारं फेडरल खातं) साइटवर ईझी चेक नावाची सोय आहे, लायसन्स नंबरचे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की खरं आहे का ते तिथल्या तिथे कळतं, फुकट. ज्याचं खरं असतं तो रागावत नाही.

"दोन आठवडे" म्हणालेला, लागले त्याच्या कितीतरी जास्त. शेवटी पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये बोलावलं (हो, माहितेय, माहितेय, पण पिस्तूल त्याच्याकडे, ४०० त्याच्याकडे, मी काय करणार होतो, जाणार नाही म्हणणार होतो?). उरलेले २८५ दिले, हाताने लिहिलेलं बिल मिळालं. ते बिल अजून आहे. बीव्हरटेल (लांब शेपटी) ९५, साइट्स १२०, ट्रिगर जॉब ११०, मॅच बॅरल (स्पर्धेच्या दर्जाची अचूक नळी) आणि बुशिंग (नळीच्या तोंडाशी बसणारं कडं) २४०, सिरीज ८० चा फायरिंग पिन ब्लॉक काढणे ६०, एक्स्ट्रॅक्टर आणि पॉलिश ६०.

त्यातली सिरीज ८० ची ओळ नीट वाचा. कोल्टने १९८३ मध्ये एक जादा सेफ्टी आणली, फायरिंग पिन अडवणारी, तिला सिरीज ८० म्हणतात, तिच्यामुळे ट्रिगर थोडा जड होतो म्हणून काही लोक ती काढतात. माझ्या पिस्तुलात ती नव्हतीच. फिलिपिन्सवाले जुन्या सिरीज ७० पद्धतीनेच बनवतात, स्लाइड उलटी करून बघितली तर त्या सेफ्टीच्या खिट्टीचं, प्लंजरचं, भोकच नाहीये. म्हणजे फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला मेकॅनिकने कार्बोरेटर साफ केल्याचे पैसे लावावेत तसे ६० डॉलर, जो पार्ट जन्मात त्या पिस्तुलात नव्हता तो काढल्याबद्दल!

रेंजवर पहिली मॅगझिन गेली, त्यातच पुढची साइट तिरकी झाली. ती मुळात स्लाइडमध्ये ठोकून बसवलेली असते, नवी लावायची तर खाच कापावी लागते, मशीन लागतं. यांनी जुनी घासून वर नवी गोंदाने चिकटवलेली. दुसरी मॅगझिन घातली, स्लाइड सोडली, आणि स्लाइडबरोबर हॅमरपण खाली आला. हाफ कॉकला (हॅमरला अर्ध्यावर अडवणाऱ्या खाचेला) अडकला म्हणून वाचलो. पिस्तूल समोर रोखलेलं होतं, बोट ट्रिगरच्या बाहेर होतं, माझी शिस्त पक्की आहे, पण रेंज ऑफिसरने ते बघितलं आणि सगळ्यांसमोर माझं पिस्तूल रिकामं करून बाजूला ठेवायला लावलं. शेजारच्या लेनमध्ये एक आजी होती, सत्तरीची असेल, तिने मान हलवली. ते ६८५ पेक्षा जास्त लागलं मला.

मग खऱ्या गनस्मिथकडे, दुकान असलेल्या, भिंतीवर लायसन्स टांगलेल्या. त्याने आधी वही उघडली, नंबर लिहिला, मग पिस्तूल हातात घेतलं. तपासणीचे ७५ डॉलर, आणि मोजलं सगळं. 'ट्रिगर जॉब' म्हणजे हॅमर आणि सिअरच्या (हॅमरला धरून ठेवणाऱ्या तुकड्याच्या) टोकांवर कानस. त्या दोन पृष्ठभागांवर अख्ख्या पिस्तुलाची सेफ्टी उभी असते, तिथे हजारावा हिस्सा इंच मोजून काम करतात. बीव्हरटेल 'ड्रॉप इन' म्हणून विकतात पण माझ्या फ्रेमची शेपटी त्या गोलाईत कापायला हवी होती, ती न कापता कोंबलेलं, त्यामुळे ग्रिप सेफ्टी (मूठ नीट धरल्याशिवाय गोळी सुटू न देणारी) दाबली न दाबली सारखीच. 'मॅच बॅरल' म्हणजे माझीच कंपनीची बॅरल, खुणा घासून चमकवलेली. बुशिंग त्याने माझ्यासमोर दोन बोटांनी फिरवून दाखवलं, म्हणाला खरं मॅच बुशिंग असतं तर पाना लागला असता. आणि माझे काढलेले पार्ट्स कुठेत? परत दिलेच नव्हते. काढलेला प्रत्येक स्क्रू परत मागा, आधीच सांगून ठेवा.

दुरुस्ती ३४२. म्हणजे ६८५ अधिक ७५ अधिक ३४२, ११०२ डॉलर, पिस्तुलाचे ४६४.३९ वेगळे. बायको काही बोलली नाही, फक्त कोल्टच्या नव्या पिस्तुलाची किंमत शोधून फोन माझ्यासमोर ठेवला.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांना फोन केला, म्हणाले पिस्तूल घेऊन स्टेशनला येऊ नका. बरं. बिल आणि फोटो घेऊन गेलो तर काउंटरवरचा विचारतो, वस्तू कुठे आहे? म्हटलं तुम्हीच आणू नका म्हणालात. मग विचारलं चोरीला गेलंय का? नाही, परत दिलंय. मग प्रश्नच मिटला, "सिव्हिल मॅटर". म्हणजे त्याने पिस्तूल ढापलं असतं तर केस झाली असती, पण चालवणाऱ्याचा जीव जाईल असं करून परत दिलं तर तो माझा आणि त्याचा आपसातला मामला! मी म्हटलं लायसन्स नाही त्याच्याकडे, तर म्हणे ते फेडरल, आमचं नाही. फेडरल हेल्पलाइनवर बाईंनी सगळं लिहून घेतलं, फार गोड बोलल्या, त्याचं नाव विचारलं, मी सांगितलं, आडनाव विचारलं, तिथे माझी गाडी थांबली. बँक म्हणाली झेल तुम्ही स्वतः पाठवलंत, तुमच्या पासवर्डने, म्हणजे ऑथराइज्ड, आम्ही फक्त चोरून गेलेल्या पैशांचं बघतो. गन शोवाले म्हणाले आम्ही टेबल भाड्याने देतो, माणूस नाही. एका ऑनलाइन तक्रार खात्याचं उत्तर आलं की आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. माझ्या उच्चारामुळे प्रत्येक जण एकदा तरी विचारायचा की तुमचं स्टेटस काय, पिस्तूल तुम्ही घेतलंत कसं? फसवलेला मी, कागद माझेच तपासतायत. या ठगांना हे पक्कं माहीत असतं की आपली माणसं ग्रीन कार्ड, व्हिसा, नोकरी या भीतीने गप्प बसतात. गप्प बसू नका, पण कुणी धावून येईल अशी आशापण ठेवू नका. कार्डाने दिले असते तर निदान कंपनीशी भांडता आलं असतं. 'कार्ड मशीन चालत नाही' ऐकलं की पिस्तूल उचलायचं आणि निघायचं.

राहिलं जस्टिस कोर्ट. टेक्सासमध्ये २०,००० डॉलरपर्यंतचा दावा तिथे वकिलाशिवाय करता येतो, मी केला, अर्ज आणि कॉन्स्टेबलच्या समन्सचे मिळून १३९ डॉलर. समन्स परत आलं. माझ्याकडे त्याचा पी.ओ. बॉक्स होता, आणि कॉन्स्टेबलला समन्स हातात द्यायला माणूस लागतो, घराचा नाहीतर दुकानाचा पत्ता लागतो. क्लार्कला विचारलं पैसे परत मिळतात का, तर त्याने वर न बघताच काचेवर चिकटवलेल्या पाटीकडे पेन दाखवलं. पत्ता मिळाला तर नवीन समन्स काढता येईल म्हणे, त्याची फी वेगळी.