नजरेने लिहायचं यंत्र : ताईने सहा महिने वापरल्यानंतर

ताईला ब्रेनस्टेमचा स्ट्रोक आला आणि एका रात्रीत तिचं बोलणं, गिळणं, हातपाय हलवणं सगळं थांबलं. उरली पापणी आणि डोळ्यांची वर-खाली हालचाल. भेटायला आलेले लोक खाटेशी उभे राहून तिच्यासमोरच मला विचारायचे, "त्यांना कळतं का?" पुढे डोळे आडवेही फिरायला लागले, तेव्हा थेरपिस्टबाईंनी हे यंत्र सुचवलं.

पडद्याखालच्या पट्टीतून डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश पडतो, तो आपल्याला दिसत नाही. डोळ्यावरची त्याची चमक आणि बाहुली कुठे आहे यावरून कॅमेरा नजर हेरतो. अक्षरावर नजर ठरावीक वेळ थांबली की अक्षर उमटतं. त्याआधी कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे पडद्यावर फिरणाऱ्या ठिपक्यामागे नजर न्यायची. ताईची उजवी पापणी अर्धी मिटलेली असते, म्हणून पहिल्या दिवशी ते चारदा फसलं. फक्त डाव्या डोळ्यावर लावल्यावर जमलं, पण ही सोय सेटिंगमध्ये फार आत दडलेली आहे. नजर थांबायची वेळ अर्धा सेकंद होती, त्यात भलतीच अक्षरं उमटायची. सव्वा सेकंदावर नेली. समोरून ऊन आलं की यंत्र गोंधळतं, तेव्हा खाटेची जागा आधी ठरवा.

आता मुख्य तक्रार. यंत्र शब्द सुचवतं. दुसऱ्या दिवशी ताईने "पाणी" लिहिलं. खाली "पाणी हवं" आलं आणि मी पेला आणायला धावलो. परत आलो तर तिचे डोळे पडद्यावरच होते, एकेक अक्षर वेचत. "पाणी गळतंय." न्हाणीघरातला नळ नीट बंद झाला नव्हता, आणि तो आवाज ती कितीतरी वेळ ऐकत पडली होती. यंत्राचा आणि माझा अंदाज एकच होता, आणि दोघेही चुकलो. ताईला सगळं कळतं याची त्या क्षणी माझी जी खात्री पटली, ती आधीच्या चार महिन्यांत कुणाच्याही धीराच्या शब्दांनी पटली नव्हती.

दुसऱ्याचं मन आपल्याला दिसत नाही, ते ताडावं लागतं. सातव्या शतकात बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने ‘सन्तानान्तरसिद्धि’ याच प्रश्नावर लिहिली: माझ्या बोलण्या-हलण्याआधी माझी इच्छा असते, तेव्हा समोरच्याच्या बोलण्या-हलण्यामागेही कुणाची तरी इच्छा असणार. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलनेही १८६५ मध्ये स्वतःवरूनच दुसऱ्याचं अनुमान केलं. पण ज्यावरून ताडायचं ते बोलणं-हलणंच गेलं तर? २००६ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या २३ वर्षांच्या एका तरुणीला टेनिस खेळायची कल्पना करायला सांगितली. स्कॅनमध्ये तिच्या मेंदूत निरोगी माणसांसारखीच हालचाल दिसली. ताई नुसती पडून होती त्या दिवसांत हे मी किती वेळा वाचलं असेल!

म्हणूनच शब्द सुचवणं मला खटकतं. दमलेलं माणूस समोर आलेलं "हवं" पटकन निवडेल, आणि आपण समजू की हे त्याच्याच मनातलं. हात धरून टाइप करवायच्या एका पद्धतीत असंच झालं होतं. १९९० च्या दशकात चाचणी घेताना न बोलणाऱ्या माणसाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, तर उत्तर हात धरणाऱ्याच्या चित्राचं यायचं. मदत करणारे प्रामाणिक होते, पण बोलत होते तेच. ताईला विचारून मी सूचना बंद केल्या. एका ओळीला पाच-सहा मिनिटं लागतात. लागू देत.

यंत्र बसवायला आलेल्या माणसाने सगळी माहिती मलाच दिली, तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. कंपनीने हे शिकवायला हवं. यंत्राचा आवाज कोणता ठेवायचा हेही त्याने मलाच विचारलं. नंतर ताईने तो बदलून घेतला.

पडदा खाटेला अडकवायचा हात मजबूत आहे, बॅटरी दिवसभर पुरते. डोळे आडवे फिरत असतील तर जरूर घ्या. फक्त वर-खाली होत असतील तर आधी साधा अक्षरफलक वापरा.

हे सगळं काल तिला वाचून दाखवलं. तिने बराच वेळ घेऊन लिहिलं, "चारदा नाही. पाचदा."